जाड भिंतींचं घर मुंबईत थंड राहील का?

गोराईतल्या माझ्या घराचा फोटो गेल्या अंकात आला आणि पत्रांचा सूर एकदम बदलला. एरवी गळती, पोपडे आणि शेजाऱ्याचा पाइप यांपलीकडे हे सदर फारसं जात नाही. या वेळी बहुतेकांना एकच जाणून घ्यायचं होतं : एसी न लावता उन्हाळा कसा काढता? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. वास्तुशास्त्राची पत्रं बाजूला ठेवलीत. मला दिशा कळतात त्या उन्हाच्या आणि वाऱ्याच्या. धनलाभाची दिशा कोणती ते मी सांगू शकणार नाही.

ताई, मनोरीला आमची आजोळची चार गुंठे जागा आहे. दीड फुटी मातीच्या भिंती घातल्या की घरात बारा महिने २५ अंश तापमान राहतं, पंखासुद्धा लागत नाही, असं एका व्हिडिओत पाहिलं. मला तसंच घर बांधायचंय. आमचे हे म्हणतात, सिपोरेक्सच्या (हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंती उभ्या करा, वर स्लॅब टाका आणि मोकळे व्हा. कोणाचं ऐकू? – एक वाचक, बोरिवली

दोघांचंही अर्धं ऐका.

व्हिडिओतलं घर खोटं नसेल, पण ते मनोरीत नसणार. भिंत स्वतः गारवा तयार करत नाही. दिवसाची उष्णता ती उशिरा आत सोडते आणि रात्रीचा गारवा दुसऱ्या दिवसासाठी धरून ठेवते. त्यासाठी रात्र मुळात गार असावी लागते. सोलापुरात मे महिन्यात दुपारी ४० अंश असतं आणि पहाटे २५ च्या आसपास उतरतं. जाड भिंत या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, बत्तीस-तेहतिसावर घराला धरून ठेवते. बाहेर ४० असताना आत ३२ म्हणजे चैन आहे. आता मुंबईचे, म्हणजे सांताक्रूझच्या वेधशाळेचे, मे महिन्याचे आकडे घ्या : दुपारी ३३-३४, पहाटे २७. मधला आकडा ३०. भिंत दीड फुटाची करा नाहीतर तीन फुटांची, त्याखाली ती तुम्हाला नेणार नाही. समुद्राने ती सरासरी आपल्याला आधीच काढून दिली आहे. भिंतीला करायला फारसं उरत नाही.

आणि या ३० अंशांत दमटपणा आहे. हवा हलत नसेल तर घामाच्या धारा लागतात. तीच हवा अंगावरून वाहती असेल तर दोन-तीन अंशांनी कमी वाटते. म्हणून आपल्याकडे घर बांधताना आधी छप्पर आणि पश्चिमेचं ऊन बघायचं, मग वारा, आणि भिंतीची जाडी सगळ्यात शेवटी. जानेवारीत हिशेब वेगळा असतो. दुपारी ३१, पहाटे १७, तेव्हा जाड भिंत छान काम करते. पण जानेवारीत उकाड्याची तक्रार करतो कोण?

छपरापासून सुरुवात करू. मुंबई १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन भिंती नाही, छप्पर खातं. माझ्या घरावर मंगळुरी कौलं आहेत, त्यांच्याखाली फळ्यांचा पोटमाळा, आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत हातभर रुंदीच्या विटांच्या जाळ्या. कौलं दुपारी चटका बसेल इतकी तापतात. पण तो ताप माळ्यावरच्या हवेत अडकतो आणि जाळीतून निघून जातो, खाली येत नाही. शिवाय कौल पातळ असतं, दिवेलागणीनंतर बघता बघता निवतं. स्लॅबचं बरोबर उलटं : दिवसभर ऊन पितो आणि आपण जेवून पाठ टेकली की ओकायला लागतो.

पश्चिम ही आपल्याकडची खरी अडचण. वारा तिकडून, पाऊस तिकडून आणि दुपारनंतरचं तिरपं ऊनही तिकडूनच. भिंत बंद केली तर वारा जातो, उघडी ठेवली तर घर भाजतं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी पेडर रोडच्या ‘कांचनजंगा’ या उंच इमारतीत (१९८३ साली ती पूर्ण झाली) हाच पेच सोडवला. त्यांनी खोल्या आत ढकलल्या आणि बाहेरच्या कडेला दोन मजली उंचीच्या बागेच्या गच्च्या काढल्या. आपल्या आज्यांनी त्यालाच पडवी म्हटलं आणि वास्तुरचनाकाराला फी न देता ती बांधली. पश्चिमेला निदान सात फूट पडवी ठेवा. छप्पर पुढे इतकं उतरवा की पागोळ्या जोत्यापासून लांब पडतील. पावसाळ्यात झड आत येते, तेव्हा पडवीच्या तोंडाला झावळ्यांचे झाप बांधा. प्लॅस्टिकची ताडपत्री बांधू नका, तिच्यामागे हवा कोंडते. दक्षिणेकडे दोन फुटांचा छज्जा बहुतेक वर्षभर पुरतो, कारण तिकडचं ऊन उंचावरून येतं. पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा मात्र दुपारी चार वाजता नुसता शोभेचा असतो.

वारा आत यायला खिडकी लागते आणि बाहेर जायलाही. दुसरी लोक विसरतात. उष्ण-दमट हवेच्या भागात खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश असावं, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. एवढी मोठी खिडकी काढायची आणि तिला ॲल्युमिनियमचं स्लायडिंग लावायचं, म्हणजे अर्धी खिडकी कायमची बंद. मग उरलेल्या अर्ध्या भागावर मच्छरदाणीची जाळी येते आणि लोक विचारतात वारा का लागत नाही! बिजागरीच्या झडपा करा. आतल्या दरवाजांवर व्हेंटिलेटर ठेवा. जुन्या चाळींत ते असायचे आणि दार लावलं तरी वारा खोलीतून गॅलरीत निघून जायचा.

आता मार्चबद्दल, कारण तिथे हे सगळं काही दिवस उलटं होतं. मुंबईचे मोठे उन्हाळी उच्चांक मे महिन्यातले नाहीत. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ आणि १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश नोंदले गेले. त्या दिवसांत जमिनीवरून पूर्वेचा कोरडा, तापलेला वारा वाहतो आणि समुद्राचा वारा रोजच्या वेळेला येऊ शकत नाही, दुपार उलटेपर्यंत अडतो. अशा दिवशी मी सकाळी नऊलाच पूर्वेच्या झडपा लावून घेते. पडवीत एक आणि माजघरात एक, असे दोन साधे थर्मामीटर आहेत. आकडे मी कालनिर्णयच्या चौकटीत लिहून ठेवते, दुधाच्या हिशेबाशेजारी. यंदा एका अशा दुपारी पडवीत ३८ होतं आणि माजघरात ३२. एवढ्यापुरत्या माझ्या नऊ इंची विटेच्या भिंती कामाला येतात. खाडीच्या बाजूने गरम झळा येत असतात, कोपऱ्यातली बांबूच्या पट्ट्यांची चिक हलतसुद्धा नाही. मग कधीतरी दीड-दोनला चिकेची दोरी पहिल्यांदा घराच्या आतल्या बाजूला झुकते आणि पाठोपाठ वलांड्यांवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. कोळीवाडा माझ्या पश्चिमेला आहे. तो वास आला की वारा फिरला. सगळं घर सताड उघडायचं. ज्यांना वास सोसत नाही त्यांनी गोराई-मनोरीला घर बांधायच्या भानगडीत पडू नये.

राहिला तुमच्या घरातला वाद. सिपोरेक्स हलकं असतं आणि उष्णता आत सहज येऊ देत नाही, पश्चिमेच्या भिंतीला ते चांगलंच. बाहेरचं प्लॅस्टर मात्र चोख हवं, कारण ते पाणी पितं. मातीची हौस असेल तर आतल्या भिंती मातीच्या करा, वर चुन्याचा हात द्या. चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे बाहेरची भिंत मातीची ठेवायची तर जोतं उंच, पागोळी लांब आणि दरवर्षी डागडुजी हवी. शनिवारी सकाळी चिखल मळायची तयारी घरात कोणाची आहे ते आधी विचारा. आणि मिस्त्रीने किनाऱ्यावरची वाळू वापरू म्हटलं तर तिथेच थांबवा. तिच्यातलं मीठ सळई खातं, आणि ती उपसणं बेकायदाही आहे.

कर्जतजवळ प्लॉट घेतलाय, शनिवार-रविवारसाठी छोटं घर बांधतोय. तिथेही पडवी आणि मोठ्या खिडक्याच का? – एक वाचक, मुलुंड

नाही. घाटाच्या पायथ्याशी हवा बदलते. कर्जतला मार्च-एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्र किनाऱ्यापेक्षा जास्त निवते, म्हणजे तिथे जाड भिंतीला काम आहे. वास्तुरचनाकार लॉरी बेकर केरळात वापरायचे तो रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे विटा रचायची एक पद्धत, करून बघा. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते. नऊ इंची भिंतीत साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. तुमचा गवंडी पहिल्या दिवशी नाक मुरडेल, त्याला एक कोपरा रचून दाखवायला सांगा. वायरिंगच्या पाइपांची जागा आधी ठरवा, नंतर भिंत खोदून झिऱ्या मारता येणार नाहीत.

पण तुमच्या घराची खरी गोष्ट वेगळी आहे. ते पाच दिवस बंद राहणार. बंद जाड घर आठवडाभर ताप साठवतं, आणि तुम्ही शुक्रवारी रात्री दार उघडता तेव्हा भिंती हाताला कोमट लागतात. त्या निवेपर्यंत शनिवार संपतो. म्हणून छताजवळ लोखंडी गज आणि बारीक जाळी लावलेले झरोके ठेवा, तुम्ही नसतानाही उघडे राहतील असे. चोराला आत येता येणार नाही, रात्रीच्या वाऱ्याला येता येईल.

आम्ही सातव्या, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. रात्री अकरा वाजताही छत तापलेलं असतं. पीओपीचं फॉल्स सीलिंग केलं तर फरक पडेल का? – एक वाचक, डोंबिवली

थोडा पडेल, पण आधी गच्चीवर जा. पाच इंची स्लॅबमधून ऊन आत उतरायला तीन-चार तास लागतात. दुपारी दोनचा ताप तुम्हाला संध्याकाळी भेटतो, आणि पुढे स्लॅब निवायलाही वेळ घेतो. त्यात पंखा छताजवळची तीच गरम हवा खाली ढकलतो. हा ताप आत शिरल्यावर त्याच्याखाली पीओपी लावून लपवण्यापेक्षा वरच अडवलेला बरा.

सोसायटीला विचारून गच्चीवर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्या. ब्रिकबॅट कोबा (गळती रोखायला स्लॅबवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) खराब झाला असेल तर दोन्ही कामं एकदमच काढा, नाहीतर वर्षभरात तोडफोड होईल. एवढं बजेट नसेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग लावा, पण दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवा. आपल्याकडची धूळ आणि काजळी पांढऱ्याचं करडं करायला वेळ लावत नाही, आणि करडा रंग ऊन परतवत नाही. पत्र्याची शेड सगळ्यात जास्त गुण देते, कारण स्लॅबवर सावली पडते आणि मधून वारा जातो. तिला महापालिकेची परवानगी लागते आणि बाजू उघड्या ठेवाव्या लागतात. बाजू बंद करून तिथे सोसायटीचं ऑफिस थाटलं की ताप पुन्हा तुमच्या डोक्यावर.

जाता जाता एक विचारते : तुमची बाल्कनी हॉलमध्ये घेतली आहे का? घेतली असणारच. ती पश्चिमेची असेल तर तुम्ही घराची सावली विकून सात फूट फरशी घेतलीत. निदान काचेच्या बाहेरून बांबूची चिक लावा. आतल्या पडद्यापर्यंत पोहोचलेलं ऊन घरात आलेलंच असतं.

गुहागरजवळच्या गावच्या घराची कौलं माकडं ठेवत नाहीत. दर गणपतीला गेलो की आधी कौलं बदला, मग मूर्ती आणा. भाऊ म्हणतो पत्रा टाकू. पण पत्र्याखाली उकडतं ना? – एक वाचक, लालबाग

उकडतं, आणि पावसात एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही. तरी तुमच्या भावाला मी दोष देणार नाही. अर्ध्या कोकणाने माकडांपायीच कौलं उतरवली आहेत.

बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून हे चपटं कौल आपल्या किनाऱ्यावर पसरलं. त्याआधी नळीची कौलं होती, तीही माकडं फोडायचीच. त्यामुळे कौल न फुटण्याची वाट बघू नका. ते फुटलं तरी घर गळणार नाही असं करा. खर्च पेलत असेल तर उतरता स्लॅब घाला, त्यावर रिपा (आडव्या पट्ट्या) मारून कौलं बसवा. कौल आणि स्लॅब यांच्यात वितभर नाही, पण चार बोटं तरी फट हवी, खालून वर उघडी, म्हणजे मधली तापलेली हवा आढ्याशी निघून जाईल. कौलं स्लॅबवर सिमेंटने चिकटवून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यात सगळा फायदा जातो, आणि फुटलेलं कौल बदलायचं तर छिन्नी घ्यावी लागते.

तेवढं जमत नसेल तर पत्राच घाला, फिकट रंगाचा. पण जुने वासे आणि माळा काढू नका. माळ्याच्या फळ्या पत्र्याखाली राहिल्या आणि दोन्ही टोकांना जाळी असली तर खालच्या खोल्या बऱ्याच सुसह्य राहतात. आवाजही कमी होतो.

लग्न होऊन नागपूरहून मुंबईला आले. माहेरी कूलर आणि वाळ्याचे पडदे लावले की घर गार व्हायचं. इथे कूलर लावला तर चादरी ओलसर आणि उकाडा दुप्पट. कूलर खराब आहे का? – एक वाचक, ठाणे

कूलर चांगला आहे, त्याला माहेरी पाठवा. पाणी हवेत उडून जाताना गारवा देतं, आणि त्यासाठी हवा कोरडी लागते. नागपूरची मे महिन्यातली हवा पाण्याला वखवखलेली असते. इथली आधीच पोट भरून बसलेली असते, तिला आणखी पाणी पाजलंत तर ती तुमच्या चादरीवर ठेवून जाते. ठाण्यात पंखा, समोरासमोरच्या खिडक्या आणि पश्चिमेला चिक एवढंच करा. वाळा माठात टाका.

जून लागला की आमच्या तळमजल्याच्या घरात शहाबादी फरशीला घाम सुटतो. जमिनीतून पाणी वर येतं का? – एक वाचक, गिरगाव

पाऊस सुरू होण्याच्या सुमाराला, ढग भरून आलेल्या दिवशीच होत असेल आणि कोरड्या फडक्याने पुसल्यावर जात असेल, तर तो हवेतला दमटपणा आहे. जमिनीला टेकलेली दगडी फरशी हवेपेक्षा थोडी गार असते आणि वाफ तिच्यावर धरते. पंखा चालू ठेवा, ओलं पोछा मारणं त्या दिवसांपुरतं थांबवा. भिंतीच्या खालच्या हातभर भागात पोपडे येत असतील तर मात्र ओल खालून चढते आहे. त्याला वेगळा इलाज आहे, जागा बघितल्याशिवाय सांगणार नाही.

खरं सांगा, तुमच्या घरात एसी आहे का? – एक वाचक, दादर

आहे, एक. आईच्या खोलीत. तिचं वय चौऱ्याऐंशी आहे, आणि मार्चच्या झळा किंवा ऑक्टोबर हीट तिने तत्त्वासाठी सोसावी असं मला वाटत नाही. खोली मुद्दाम लहान ठेवली आहे, पूर्वेची आहे, पडवीपासून लांब आहे, आणि तिच्यावर माळा आहे. त्यामुळे यंत्राला फार ओढावं लागत नाही. २६ वर लावायचा, पंखा मंद चालू, रात्री दोनला टायमरने बंद. बाकीचं घर उघडं असतं तेव्हा तिचं दार आणि खिडकी घट्ट लागली पाहिजे, म्हणून त्या एकाच खोलीला दरवाजावर व्हेंटिलेटर ठेवलेला नाही. तुम्हाला दादरच्या फ्लॅटमध्ये एकच खोली गार करायची असेल तर हॉल निवडू नका. जिथे झोपता ती निवडा, आणि तिच्या दाराखालची फट आधी बुजवा.